सात चकत्या

तमालेच्या सरकारी इस्पितळामागची प्रयोगशाळा.
पहाटे चारला मी बशी दिव्यासमोर धरते.
हरमाटनची धूळ खिडकीच्या फटीतून येतेच आत,
कितीही ओली फडकी कोंबली तरी.

अकरा नंबरची खाट : नापारी,
मोटारसायकली दुरुस्त करतो, वय एकोणीस.
नडगीवरची जखम चौथा आठवडा झाला, ओलीच.
तिच्यातले जंतू काल बशीत पेरले होते,
गार झालेल्या बाजरीच्या पेजेवर साय धरावी
तसे दाट उगवलेत.

त्यांच्यावर मी सात कागदी चकत्या ठेवल्या होत्या,
प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं.
औषध चालत असेल
तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं,
सकाळी अंगण झाडून घेतल्यासारखं.

पहिलीला काही नाही.
दुसरीच्या पार कडेला जंतू खेटलेले.
तिसरी. चौथी.
मोजपट्टी मी खाली ठेवली, मोजायला काही नव्हतंच.
फक्त सातवीभोवती एक वर्तुळ,
आणि ते औषध आमच्याकडे नाही, अक्राहून मागवायचं,
कधी येतं, कधी येत नाही.

तिसऱ्या चकतीतलं औषध मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले.
लाल-पिवळी कॅप्सूल.
आईच्या टेबलावर, छत्रीखाली,
काचेच्या बरणीत.
सनातूचं टेबल म्हटलं की बाजारात कुणीही बोट दाखवायचं.
पोट बिघडलंय? दोन घे.
घसा? दोन घे.
कंबर भरून आलीय ओझ्याने? त्यालाही दोन,
आणि बरं वाटलं की थांब,
उरलेली पोरांना होतील.
पैसे कमी असले तर आई एक फुकट द्यायची,
एक, म्हणजे पाचातली, सातातली एक.
मी कागदाच्या पुड्या बांधायचे.
माझ्या शाळेची फी त्या बरणीतून निघाली,
हा पांढरा कोटही.

रविवारी तिला सांगितलं. नापारीचं नाव नाही सांगितलं,
बशीचं सांगितलं.
आई ताटात बोटं तशीच ठेवून ऐकत राहिली.
मग म्हणाली, "शेळीला रोज नुसती काठी दाखवली
की ती कोडगी होते.
मग खरी उगारली तरी कणसातलं तोंड काढत नाही."
मला तीन वर्षं कॉलेजात जे शब्द शिकवले
त्यात हा नव्हता. कोडगी.
"पण त्या शेळ्या आम्ही केल्या का गं, सगळ्या?"
मी म्हटलं, कोंबड्यांच्या खाद्यात पोत्याने घालणारे आहेत,
न तपासता लिहून देणारे डॉक्टर आहेत,
तू एकटी नाहीस.
"एकटी नाही," ती म्हणाली,
"म्हणजे आहे."

सोमवारी तिच्या टेबलाशी उभी होते.
बाई आली, पाठीवर तापलेलं मूल :
दोन द्या त्या लाल-पिवळ्या.
आईने बरणीवर हात ठेवला, झाकणावर,
आणि म्हणाली, आधी दवाखान्यात दाखव.
हे कशाचं आहे तेच माहीत नाही, तर देऊ काय?
त्यांनी लिहून दिलं तर सांगितलंय तितक्या सगळ्या घे,
पैसे मागाहून दे. नाही लिहिलं
तर पाणी पाज, अंग पूस, पण ही नको.

बाईने आईकडे बघितलं, मूल सावरलं
आणि समोरच्या टेबलाकडे गेली.
तिथे दोन मिळाल्या.

आई काही बोलली नाही.
छत्री जरा सरकवली, ऊन फिरलं होतं.
बरणी तिने टेबलाखाली ठेवली, फेकली नाही,
"लिहून आणलेल्यांना लागतील," एवढंच.

अक्राचा ट्रक बुधवारी येणार म्हणतात.
नापारी विचारतो, पाय राहील का?
मी त्याच्या खाटेशी नुसती उभी राहते
आणि परत येऊन
नव्या बशीवर सात चकत्या मांडते,
चिमट्याने, एकेक,
श्वास धरून.