मार्का

साडेसातला धायरी फाट्यावरचं ऑफिस रिकामं झालं.
जाताना मोहोळकर म्हणाले, काट्याचं पॅकेज आजच कर,
पहाटे भुसार बाजारात बसवायचंय.
कंपायलर केव्हाच गप्प झालेला.
म्हणजे चूक नाही,
किंवा आहे आणि सांगत नाही.

एकोणचाळीस क्लास फाइली.
वजन, पावती, तोलाई, हमाली
आणि ‘बघू’ नावाची एक.
ती काय करते ते फक्त नौशादला ठाऊक.
काढून टाकली तर काटा शून्यावर येत नाही.

या सगळ्या एका गोणीत भरायच्या
आणि गोणीवर काय लिहायचं ते वेगळ्या फाइलीत:
कुठून सुरू करायचं, आवृत्ती कितवी, कंपनी कोणती.
तीन ओळी. मोहोळकरांनी तेवढ्याच सांगितल्या.

माझे वडील गुलटेकडीला बावीस वर्षं
गोण्यांवर मार्का मारायचे.
पत्र्याचा साचा, काळी शाई,
लग्नाच्या फोटोतसुद्धा डाव्या हाताची बोटं काळी.
म्हणायचे, आत काय आहे ते सळी खुपसली की कळतं,
कुणाचं आहे ते लिहावं लागतं.

म्हणून मी चौथी ओळ लिहिली.
लेखक, कोलन, एक जागा सोडून
नौशाद इस्माईल तांबोळी, घोरपडे पेठ, पुणे.
टर्मिनलवर कमांड दिली. पॅकेज झालं.
उघडून पाहिलं तर तीनच ओळी.
चौथी नाही.
तक्रार नाही, इशारा नाही,
लिहिलीच नव्हती जणू.

पुन्हा केलं. पुन्हा तीन.
कोलन तपासला. स्पेलिंग तपासलं.
खाली वॉचमन शटर अर्धं ओढून माझी वाट बघत होता.

मग मॉनिटरच्या कडेला दिसली
त्याच्या वेळची पिवळी चिठ्ठी, पेन्सिलीतली:
‘शेवटी एन्टर.’
वर्षभर मला वाटायचं
ती दाराच्या कुलपाबद्दल आहे.

शेवटच्या ओळीनंतर एक एन्टर.
एवढंच. खाली मोकळी जागा नसेल
तर शेवटची ओळ धरतच नाहीत.

आता नाव आलं, पण तुटून.
बहात्तर बाइटांच्या पुढे ओळ जात नाही
आणि आपलं एकेक अक्षर तीन बाइटांचं, काना-मात्रा वेगळ्या.
जड भरतं.
घोरपडे पेठ मध्येच चिरली गेली,
उरलेली खालच्या ओळीत, एक जागा आत सरकून.
वाचणारं मशीन जोडून घेतं म्हणे.

नौशाद आता बारामतीकडे कोंबडीखाद्य विकतो.
त्याला फोन करावा असं वाटलं, केला नाही.
काय सांगणार, तुझं नाव अशा ठिकाणी ठेवलंय
जिथे कुणी बघत नाही?

उद्या काट्यावर ज्वारी चढेल, आकडा येईल,
हमाल पुढची गोणी उचलेल.

रिकाम्या गोण्या वडील उलट्या करून ठेवायचे,
दुसऱ्या मालासाठी.
मार्का आत जायचा.
शाई धुवायची नाही, एवढाच त्यांचा नियम होता.