साकव

बाबली मयेकर जनरल झाला,
तरी आचऱ्याला तो बाबलीच.
नवव्या वर्षी पोफळीची दोन खोडं टाकून
व्हाळावर साकव घातलेला;
आई भरली कळशी घेऊन पहिली गेली,
पायाखाली न बघता.

पुढे सॅपर्स. पिपं, दोर, फळ्या,
गोळीबारात रातोरात उभे केलेले सतरा पूल.
अठरावा उडवला.
खांद्यावर तेव्हा तलवार-दंडुका, हुकूम त्याचाच;
पलीकडे आपलेच एकवीस होते.

आता दर आश्विनात
पुरानं नेलेला साकव तो पुन्हा बांधतो,
गुडघाभर पाण्यात, कोणाला हात लावू देत नाही.
काम संपलं तरी
कंदील घेऊन अलीकडे उभा.

"कोणाची वाट बघतंस?" मी विचारलं.
"गप रव," म्हणाला, "मोजतंय."