सात जण, एक बुरूज

उदगीरच्या किल्ल्यावर सात जण उभे केले,
मंडपाच्या उरलेल्या कापडाच्या झुली पाठीवर.
मोबाइलच्या चौकटीत पाचच मावतात.
मागं सरकलो तर सातही येतात,
पण मग कुणाचंच तोंड दिसत नाही.

उडणाऱ्या व्यंकटला एक उडी जास्त दिली
तर विजेवाला गफूर भज्यांना शिवला नाही.
ताकदवान धोंडिबाची माय दुकानात आली :
"आमच्या लेकराला बोलायला कामून नाही?"
त्यानं काय बोलायचं, मावशी,
तो उचलतो.
तरी दिलं एक वाक्य.
त्यानं ते तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा वेगळं.

खलनायक एकटाच. त्याचं बरंय.

रात्री शटर अर्धं ओढून कापायला बसलो.
बावीस मिनिटं,
पंगतीत शेवटची बुंदी वाढावी तशी वाढतोय,
आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यात शेजारचं ताट.

पहाटे ध्यानात आलं,
अदृश्य होणारा सायलू
अख्ख्या पिक्चरमध्ये कुठंच नाही.
उन्हात आठ दिवस आला होता तो,
झूल घालून, वेळेवर.

सांगायला गेलो तर म्हशीला पाणी दाखवत होता.
"मी हाय की सगळीकडं," म्हणाला,
"तुम्हाला दिसंना त्याला मी काय करू?
फक्त शेवटी नाव टाका.
जरा मोठ्या अक्षरात."