डाव्या हातावर

लातूरला, औसा रोडवरच्या परीक्षा केंद्राच्या फाटकात
होमगार्ड बाई म्हणाली, गळ्यातलं काढा.
निलूनं कानातले काढले, केसांची पिन काढली,
मग मानेमागं हात नेऊन शिवदारा सोडला
आणि चांदीची डबी माझ्याकडं दिली,
रिकामी बाटली द्यावी तशी.
दीड वाजता फाटक लागलं.

सतरा वर्षं ते अंगावरून उतरलं नव्हतं.
तापात नाही, कांजिण्यांत नाही,
मामाच्या विहिरीत पोहायला शिकली तेव्हाही नाही.
नीट मोजायचं तर सतरा वर्षं दोन महिने:
महानंदाला आठवा लागला तेव्हा शिवलिंगय्या स्वामी आले
आणि पोटातल्या जिवाचं लिंग तिच्या दंडाला बांधून गेले.
मुलगा की मुलगी, ठाऊक नव्हतं.
नाव ठरायचं होतं.
बाकी ठरलेलं होतं.

उदगीरला माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान.
पारडं कुठं अडतंय, मी नुसत्या आवाजावरून सांगतो.
त्या दुपारी तळहातावरचं ते साठ-सत्तर ग्रॅम
मला काही केल्या सांगता येईना.

लिंबाखाली शेजारी बसले होते कळमनुरीचे मोईनभाई.
त्यांच्या मुठीत ताईत.
मी म्हणालो, पोराचा? आत्ताच काढला?
म्हणाले, त्यानं दोन वर्षांमागंच काढला,
मीच खिशात घेऊन फिरतो. त्याच्या अम्मीला ठाऊक नाही.
मी त्यांना पाण्याचं पाऊच दिलं.
मग आम्ही दोघं फाटकाकडं बघत राहिलो.

सुटल्यावर ती म्हणाली, फिजिक्स अवघड होतं.
मी हात पुढं केला.
"अप्पा, ऱ्हाऊ द्या तुमच्यापशीच."
"बरं, घरी गेल्यावर बांध. घाम आलाय."
"तसं नव्हं, अप्पा."

नळेगावपर्यंत मला राग आला नाही.
नळेगावला आला.
ओठावर होतं, आपल्यात लिंग हरवलं तर माणूस जीव ठेवत नाही.
माझ्या बापानं हेच सांगितलं होतं मला,
आणि मी बाराव्या वर्षापर्यंत नदीत उतरलो नव्हतो.
गिळलं.

दर श्रावणात मठात मीच तर सांगतो ती गोष्ट,
माईक हातात धरून, आवाज चढवून:
आठ वर्षांचं पोर, मुंजीला नाही म्हणालं,
बापाचं जानवं नाकारलं, घर सोडून निघालं.
लोक टाळ्या वाजवतात. बायका डोळे पुसतात.
त्या पोरावरच तर उभा आहे आमचा सगळा पंथ.
त्या बापाचं पुढं काय झालं,
हे मला आजवर कुणी विचारलं नाही.
मीही नाही विचारलं.
तो त्या रात्री जेवला का?
तो दोरा त्यानं कुठं ठेवला?

एसटीत तिला झोप लागली, मान माझ्या खांद्यावर.
गळ्याभोवती एक फिकट रेघ, उन्हाला कधीच न दिसलेली.
एका उन्हाळ्यात बुजेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे भस्म लावून पूजेला बसलो.
लिंगं दोन. डावा हात एकच.
आधी माझं घेतलं, मग तिचं,
मग तिचं हातावर धरून काय म्हणायचं ते सुचेना.
हिला परत आण, म्हणू?
ते तर तिच्या पाठीमागं तिचं नाव लिहून देण्यासारखं.
आतून ती ब्रश करत बाहेर आली,
माझ्याकडं बघितलं, फेस थुंकायला मोरीकडं गेली.

महानंदानं तेव्हा दंडाला बांधलं होतं,
येणारं लेकरू कसं असेल, काहीच ठाऊक नसताना.
मीही आता बांधलंय, सदऱ्याच्या आत.
स्वामी म्हणतात, हे शास्त्रात बसत नाही.
महानंदा म्हणते, तुम्ही वाट बघताय, म्हणजे तिच्यावर ओझंच.
असेल.
मी काटा रोज तपासतो.