मोजणी, कुडतरी

फितीचं एक टोक पिएदादच्या हातात, दुसरं माझ्या.
घट्ट धरलंय, ती म्हणते. मी आकडा वाचतो:
दर्शनी भिंत बत्तीस मीटर चाळीस.

तळ्याकडे तोंड करून हे घर दोनशे वर्षं बसलेलं,
बलकांवाच्या बाकांवर दोन्ही कोपरं टेकून,
रस्त्यानं कोण गेलं, कोण परतलं
याची नोंद ठेवत.
रंग सध्या निळा. मागे पिवळा होता म्हणे, त्याआधी शेंदरी.
पांढरा कधीच नाही.
पांढरा इगर्जीचा.

पिशवीत कोर्टाचा कागद. वारस एकोणीस:
लिस्बनला सात, टोरांटोला चार,
नैरोबीतला एकजण पत्राला उत्तर देत नाही.
मी फोंड्याचा आरेखक.
शेतं वाटली आहेत मी, विहिरी वाटल्या आहेत,
एकदा दोन भावांत एका माडाची सावलीसुद्धा.
पण नाचाचं दालन कसं वाटायचं?
फरशीवर मधून रेघ ओढली
तर नाचणाऱ्या जोडप्यातली बाई एका हिश्शात
आणि तिच्या कमरेवरचा हात दुसऱ्यात.
जिना ज्याच्या वाट्याला येईल
त्याला वरचा मजला नाही.

जिन्याच्या कठड्यावर पानं.
नमुन्याचा कागद बोटीतून आला होता, भिजून, अर्धा फाटून.
ते परदेशी झुडूप पुतू च्यारीनं कुठे पाहिलेलं?
तो परसात गेला,
वर बघितलं,
आणि निरफणसाचं पान कोरलं.
अठ्ठावीस पानं, प्रत्येकाची मधली शीर वेगळ्या बाजूला वळलेली.
घराच्या जमाखर्चाच्या वहीत त्याच्या नावापुढे
तांदूळ चार कुडव. आणि अंगठा.
दालनातल्या झुंबराची किंमत मात्र
तीन ओळी भरून.

खिडक्यांना काच नाही, घासून पातळ केलेले शिंपले.
ऊन आत येतं ते पाणी घातलेल्या ताकासारखं,
आणि त्या उजेडात चिनी बश्या, खुर्च्यांचे वेताचे पाय,
भिंतीवरचे मिशाळ वकील, त्यांच्या बायका,
सगळे थोडे आजारी दिसतात.

चौकात आलो आणि माझी फीत थांबली.
चारी बाजूंनी पडवी, आखूड दगडी खांब,
पाणी जायला ईशान्येला भोक.
आमच्याकडे याला राजांगण म्हणतात.
पाटिओ, पिएदाद म्हणाली.
बाहेरच्या कमानी नंतर आल्या, हे दगडच सांगतात,
अंगावर चढवलेल्या कोटासारख्या.
मधोमध एक चौथरा, त्यावर क्रोटनची कुंडी.
"तिथं ते धड वाढत नाही," ती म्हणाली,
"पण आम्ही ती हलवत नाही. कोणीच नाही हलवली."
आमच्या घरात सांगतात, आमचा देव याच बाजूनं नदी ओलांडून गेला,
रात्री, केळीच्या पानात गुंडाळून, होडीवाल्याला न सांगता.
मी ते बोललो नाही.
नकाशात लिहिलं: चौक, सामाईक.

प्रार्थनेच्या खोलीमागे हिशेब बिघडला.
बाहेरून आणि आतून, भिंतींची जाडी वजा करूनही,
एक मीटर दहा जास्त उरतं.
पुन्हा मोजलं. उरतं.
बोटानं ठोकलं तर आवाज पोकळ.
"तिथं ठोकत नाहीत," पिएदाद म्हणाली,
रागानं नाही, झोपलेल्या कुणाविषयी सांगावं तसं.
एक मीटर दहा भागिले एकोणीस.
मी पेन्सिल कानावर ठेवली.

संध्याकाळी ती हळूच म्हणाली, माझी खोली राहिली.
रांधणीच्या मागे, चूल, खाट, एक ट्रंक,
एक्केचाळीस वर्षं.
तीन मीटर बाय दोन सत्तर.
आतला आकडा, बाहेरचा आकडा: अख्ख्या घरात
इथेच जुळले.
कागदावर तिच्यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं आणि खाली सही केली.

मग तिनं टोक सोडलं,
आणि फीत फरशीवरून खरखरत
माझ्याकडे परत आली, सगळे आकडे गिळत.