झडती

म्हसरूळच्या उतारावर, चामरलेणीच्या खालच्या अंगाला
आठ बाय पाच फुटांचं माझं तळं.
वरून मुरमाची दरड. तिला धरायला भिंत.
पहिली विटांची होती, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केलेली.
गेल्या श्रावणात तिचं पोट दिसायला लागलं
आणि एका पहाटे ती अवघडून तळ्यातच बसली,
कुमुदिनीच्या दोन कुंड्या
आणि मलेरियावाल्याने फुकट दिलेले गप्पी मासे
सगळं अंगाखाली घेऊन.

मार्गशीर्षात तिम्मा धोत्रे आले.
पडल्या भिंतीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
दरडीत दोन ठिकाणी पहार टोचली, माती बोटांत चोळली.
"बाई, पाण्याला दारच ठेवलं न्हवतं की तुम्ही."
एवढंच.
दर ठरला, चहा झाला,
दुपारी ट्रॅक्टरने काळा दगड फाटकाशी ओतला.

मी एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
सगळ्या एकसारख्या, तेच त्यांचं मोल.
एखादीचा रंग सरकलेला, एखादीची कड तिरपी,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
काढली, बाजूला.
संध्याकाळी दारात हात वर करून उभं राहायचं.
शेवंता शेजवळ कमरेपासून चाचपायची,
डबा उघडून वास घेतल्यासारखी बघायची.
तिच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढलं,
दुसऱ्या दिवशी तिनेच माझी पिशवी उलटी केली.
राग नव्हता. कामच ते.

दगडही मी सवयीने मोजायला बसले.
दोनशे बारापर्यंत गेले.
तिम्मा हसले, सुतकी उचलली,
"ह्यो बघा, एकाचे तीन झाले. आता?"

ते दगडाला ठोकायचे आणि मान कलती करून ऐकायचे.
खणखणला तो पायात.
बद्द वाजला तो मागे, भरावात.
फेकलं काहीच नाही.
"हा नको," मी म्हटलं, "तिरपा आहे."
"तिरप्याच्या शेजारी तिरपाच लागतो बाई,
सरळ तिथं बसंल का?"
मी गप्प. तोंडात जीभ दाताच्या फटीत फिरत राहिली.

भिंत खाली रुंद, वर निमुळती,
दरडीकडे जराशी रेललेली,
दमून पाठ टेकलेल्या बाईसारखी.
मध्येमध्ये एखादा लांबोडका दगड
शेपूट आत मुरमात खुपसून.
सिमेंट नाही. नुसतं वजन, आणि फटींत मारलेल्या चिपा.
साडीवर ह्यांचा जुना शर्ट चढवून
मी घमेली उचलली, थंडीने ओठ फुटले,
बोटांची कातडी गेली. ती नोटांची बोटं होती,
त्यांची मला काळजी वाटायची. आता वाटत नाही.

नवव्या दिवशी त्यांनी हातावर एक चीप ठेवली,
पेरूच्या फोडीएवढी.
"शेवटची तुम्ही मारा."
तेवढ्यात दूध उतू गेलं,
मग हिशेब, मग त्यांची लुना चालू होईना,
उतारावरून ढकलून दिली तेव्हा कुठे धडधडली.

फाटक लावलं आणि वळले
तर माझे हात खांद्यांपर्यंत वर आलेले.
समोर कुणी नाही. तळं रिकामं.
शर्टाच्या खिशात ती चीप.

उद्या बसवू म्हटलं.
ती अजून कपाटात आहे, पासबुकाखाली.
तिसऱ्या थरात, डावीकडे, अंगठ्याएवढी जागा तशीच राहिली.
या श्रावणात पाणी आधी तिथूनच आलं,
आधी तांबूस, मग दोन दिवसांनी नितळ.
भिंत जागची हलली नाही.
मलेरियावाला परत आला, बरणीत मासे घेऊन,
"मागचे कुठे गेले?" म्हणाला. मी सांगितलं नाही.

शेवंताला मात्र फोन केला.
म्हटलं, अगं, मी एक चोरलीय.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, येते. दाखव.