खिळा

अनगोळचं घर गवंड्यानं उकरून ठेवलंय
आणि आम्ही वडगावात, दोन खोल्यांत.
तीन महिन्यांसाठी आलो होतो. हा सहावा.

नीलव्वाची अट एकच:
भिंतीत खिळा मारायचा नाही.
म्हणून घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकून.
किती वाजले बघायला आम्ही वाकतो.
फ्रिज दारात, कपाटानं खिडकी अडवलेली,
तिच्यापलीकडं शेजारचा माग
रात्री अकरापर्यंत खटखटतो. तो थांबला
की माझी झोप उडते.

परशराम रोज कामावर नजर टाकून येतो,
चपलेला सिमेंट.
"काय म्हणालाय बसलिंग?"
"नाळे म्हणालाय."
नाळे म्हणजे उद्या. एवढं कन्नड
आता मलाही पुरतं.

परवा नीलव्वा भाड्याला आली,
नोटा न मोजता घड्याळाकडं बघत राहिली,
खाली कुणी आजारी निजलंय तसं.
गेली, आणि हातोडी घेऊनच परतली.
"मोळे होडी."
रेणू दप्तर टाकून धावली, "कुठाय होडी?"
अगं, होडी म्हणजे मार. खिळा मार म्हणत्यात.
ती हसत सुटली, मग नीलव्वाही,
कशाला ते न कळता.

पहिल्याच घावाला चुना उशीवर पडला.

घड्याळ वर गेलं तरी
आम्ही अजून खालीच बघतो.
तिथं रेणूची कागदाची होडी,
पाठीवर गणिताचा गृहपाठ.

काल बसलिंगचा फोन:
फरशीचा रंग ठरवायचाय, आत्ता या.

"नाळे," म्हटलं मी.